आम्ही प्रवासात नव्हतो

गेल्या दोन अंकांत हे सदर आले नाही. त्या जागी ‘लेखक प्रवासात असल्यामुळे’ अशी एक ओळ छापली होती. काही वाचकांनी पत्रे पाठवली. उमराहून कधी परतणार, आमच्यासाठी दुआ केली का, असेही एका भगिनीने विचारले. त्या सर्वांची आज आम्ही माफी मागतो. ती ओळ संपादकांनी आमच्याच सांगण्यावरून छापली होती. आम्ही उमराला गेलो नव्हतो, कुठल्याच प्रवासात नव्हतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (आमच्या पिढीच्या तोंडी अजून अहमदनगरच येते) एका मोठ्या रुग्णालयात पडून होतो. आमची प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती.

घरात हे फक्त तिघांना ठाऊक होते : आम्ही, मुलांची अम्मी आणि थोरला मुलगा. बाकी सर्व नातेवाइकांना आम्ही ‘हर्निया’ सांगितले. कर्करोग या शब्दाची भीती होतीच, पण त्याहून जास्त अडचण होती ती जागेची. छातीचा, पोटाचा आजार माणूस सांगतो. लघवीच्या जागेचा कसा सांगायचा? आम्ही चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. मूत्रपिंड, मूत्राशय यांची आकृती फळ्यावर शेकडो वेळा काढली असेल. पण मूत्राशयाखालची ही अक्रोडाएवढी ग्रंथी काढायची वेळ आली की खडू खाली ठेवायचो. वर्गात मुली असत. ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही.

ही ग्रंथी फक्त पुरुषांना असते. लघवीची नलिका तिच्या मधून जाते. उतारवयात ती बहुतेकांची वाढते आणि मग रात्री तीन-चार वेळा उठणे, धार बारीक होणे, पूर्ण मोकळे न झाल्यासारखे वाटणे सुरू होते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण कर्करोगात सुरुवातीला काहीच त्रास नसू शकतो, आणि त्रास असला तर तो याच प्रकारचा असतो, म्हणून दोन्हींतला फरक घरबसल्या कळत नाही. ‘पीएसए’ नावाची रक्ततपासणी असते. तिचा आकडा वाढला म्हणजे कर्करोगच, असेही नाही. पण पुढे तपासायचे की नाही, हे त्यावरून ठरते. आमचा आकडा वाढलेला निघाला, मग एमआरआय झाला, मग ग्रंथीचे तुकडे काढून तपासले गेले. गाठ ग्रंथीच्या आतच होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार असे दोन्ही मार्ग समजावून सांगितले. सर्वांनाच शस्त्रक्रिया लागते असे नाही. नेल्सन मंडेलांना २००१ मध्ये हाच कर्करोग निघाला, तेव्हा त्यांच्यावर किरणोपचार झाले आणि ते पुढे २०१३ पर्यंत जगले. काहींची गाठ इतकी संथ असते की डॉक्टर नुसते लक्ष ठेवतात. आम्ही शस्त्रक्रिया निवडली.

शुद्ध आली तेव्हा पहिली जाणीव तहानेची होती. सिस्टरने ओला कापूस ओठांवरून फिरवला. दुसरी जाणीव विचित्र होती : जोराची लघवी लागली आहे आणि उठता येत नाही. “काका, नळी आहे. तुम्हाला लागल्यासारखी वाटेल, पण ती आपोआप पिशवीत जातेय,” सिस्टर म्हणाल्या. ग्रंथी काढल्यावर मूत्राशयाचे तोंड खालच्या नलिकेला टाके घालून जोडतात. तो जोड भरून येईपर्यंत, साधारण एक ते दोन आठवडे, ही नळी आत राहते. आतल्या टोकाला पाण्याने भरलेला छोटा फुगा असतो, त्यामुळे ती निसटत नाही. म्हणूनच ती कधीही ओढायची नसते. मूत्राशय मधूनच आवळते, तेव्हा कळ येते आणि नळीच्या कडेने थोडी लघवी झिरपते. हे आधी माहीत असते तर पहिल्या रात्री आम्ही एवढे घाबरलो नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उठवून बसवले. दुपारी सलाईनचा स्टँड धरून चार पावले चाललो. झोपून राहिले की पायाच्या पोटऱ्यांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते, म्हणून पडल्या पडल्या पावले वरखाली हलवायची आणि शक्य तितके चालायचे. तीन गोट्यांच्या यंत्रात श्वास ओढायचा, म्हणजे छातीत कफ साठत नाही. गॅस सरला की चहा, मग पेज, मग मऊ भात. शौचाला जोर करायचा नाही, म्हणून पाणी भरपूर आणि रात्री इसबगोल. चालल्यावर पिशवीतली लघवी गुलाबी झाली की आमचा चेहरा पडायचा; पाणी प्यायल्यावर ती पुन्हा पिवळी व्हायची.

चालण्याचा प्रश्न वेगळाच होता. हातात पिशवी धरून, तीही लघवीने भरलेली, वॉर्डात लोकांसमोर फिरायचे! पहिल्या दिवशी आम्ही ‘चक्कर येते’ असे सांगून टाळले. शेजारच्या खाटेवर पाथर्डीकडचे एक वारकरी शेतकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, वय आमच्यापेक्षा चार-पाच वर्षे जास्त. त्यांचीही हीच शस्त्रक्रिया आमच्या आधी तीन दिवस झाली होती. त्यांच्या मालकिणीने जुन्या धोतराची नाडीची थैली शिवून दिली होती, तिच्यात ती पिशवी घालून बाबा खुशाल दारापर्यंत जाऊन यायचे. मुलांच्या अम्मीने ते पाहिले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जुन्या ओढणीची तशीच थैली शिवून आणली. थैली नेहमी कमरेच्या खाली धरायची, नाहीतर लघवी उलटी फिरते, आणि जमिनीला टेकू द्यायची नाही, एवढे पथ्य.

आता तिसऱ्या रात्रीची गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच खरे तर लिहायला बसलो.

रात्री एकच्या सुमाराला ओटीपोट जड वाटू लागले. पिशवीकडे पाहिले तर तिच्यात दोन तासांत थेंब वाढला नव्हता. ड्युटीवरची सिस्टर आमच्या नातीपेक्षा फार मोठी नसेल. तिला हाक मारायची म्हणजे चादर बाजूला करावी लागणार. सकाळी राउंडला डॉक्टर येतीलच, असे म्हणून आम्ही दात आवळून पडून राहिलो. एक तास गेला, दीड गेला. घाम फुटला, पोट ढोलासारखे झाले. आमच्या कण्हण्याने शेजारचे बाबा जागे झाले. “गुरुजी, काय व्हतंय?” आम्ही म्हणालो, “काही नाही.” बाबांनी वाकून पिशवीकडे पाहिले आणि वॉर्ड दणाणेल असा आवाज दिला, “ओ सिस्टर! गुरुजींची लघवी तुंबलीय!”

अख्खा वॉर्ड जागा झाला. ज्या गोष्टीची आम्ही तीन दिवस भीती बाळगली होती, ती एका हाकेत होऊन गेली. सिस्टर धावत आली. कूस बदलताना नळी आमच्याच मांडीखाली दुमडली होती. तिने ती सरळ केली आणि लघवी धो धो वाहू लागली. “काका, जोड ताजा आहे. लघवी तुंबली तर टाक्यांवर ताण येतो. पिशवीत काही येईना की लगेच हाक मारायची, अर्धा तासही थांबायचं नाही,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती निघून गेल्यावर बाबा म्हणाले, “लाजून मेला असता की राव.” ते हसत होते, पण शब्द खरा होता.

नमाजचेही असेच झाले होते. नळी आहे, कपड्याला डाग लागतो, म्हणजे आपण नापाक. बरे झाल्यावर कझा करू, असे आम्हीच ठरवून टाकले आणि दोन दिवसांच्या नमाजा गेल्या. चौथ्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचे तरुण इमाम साहेब इयादतीला आले. त्यांनाही हर्नियाच सांगितला होता. आम्ही आडून विचारले, “एखाद्या माणसाला लघवीची नळी लागली असेल तर त्याच्या नमाजचे काय?” त्यांची नजर एकदा खाटेच्या कडेला गेली, पण त्यांनीही त्या ‘एखाद्या माणसाला’च उत्तर दिले. असा माणूस शरिअतमध्ये माजूर ठरतो. नमाजचे वक्त सुरू झाले की त्याने एकदा वुजू करावा. ते वक्त संपेपर्यंत नळीतून काही येत राहिले तरी त्या कारणाने वुजू तुटत नाही, आणि फर्ज, सुन्नत, नफिल सर्व पढता येते. पुढच्या वक्ताला नवा वुजू. पाणी अपायकारक असेल तर तयम्मुम. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून इशाऱ्याने. पाक कपडा बदलणे शक्य असेल तर बदलावा. नसेल तर त्या अडचणीपायी नमाज सोडू नये. हा हनफी मसला झाला. कोकणातल्या आपल्या शाफई बांधवांकडे प्रत्येक फर्जसाठी वेगळा वुजू सांगतात. तेव्हा प्रत्येकाने आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. मुद्दा इतकाच की विचारावे. आम्ही लाजेखातर न विचारता स्वतःच फतवा दिला होता.

त्या दिवशी असरला मुलाने बाटलीतले पाणी आणि प्लास्टिकचा टब आणून वुजू करवला. किबला कुठे, हे वॉर्डात उमगेना. बाबांनीच सांगितले, “मावळतीचं ऊन त्या खिडकीतून येतंय, म्हंजी पश्चिम तिकडं.” मुलाने खाटेचे तोंड थोडे वळवले.

नळीची लाज वाटे तेव्हा पुढे आणखी एक गोष्ट आठवली, जी आम्ही वर्गात कौतुकाने सांगत असू. कुर्तुब्याचे महान शल्यवैद्य अबुल कासिम अल-जहरावी हजार वर्षांपूर्वी होऊन गेले. त्यांच्या ‘अल-तसरीफ’ या ग्रंथाचे तीस भाग. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा, अवजारांच्या आकृत्यांसह. लघवी अडलेल्या रोग्याच्या मूत्राशयात घालायच्या चांदीच्या नळीचे वर्णन त्यांनी त्यात केले आहे. ज्या विषयावर एवढ्या मोठ्या मुसलमान हकिमाने हजार वर्षांपूर्वी न संकोचता लिहिले, त्या विषयाला आम्ही आमच्या घरात ‘हर्निया’ म्हणत होतो.

पाचव्या दिवशी नेवाशाहून धाकटा भाऊ आणि त्याची बायको एसटीने आले. भाऊ आमच्यासाठी हर्नियाचा पट्टा घेऊन आला होता. चांगला जाड, बाराशे रुपयांचा. “भाईजान, दुकानदार म्हणाला, सहा महिने बांधला की पुन्हा त्रास होत नाही.” आम्ही पट्टा उशाशी ठेवला आणि गप्प बसलो. तासाभरात भाऊ तीन वेळा ‘आलोच’ म्हणून बाहेर जाऊन आला. आमच्या लक्षात आले नाही. मुलांच्या अम्मीच्या आले. तिने जावेला बाजूला नेऊन विचारले. ती म्हणाली, “वर्ष झालं, रात्री चार-चार वेळा उठतात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, वय झालं.”

त्यानंतर त्या दोघी आत आल्या आणि मुलांच्या अम्मीने आमच्याकडे न पाहता भावाला सर्व सांगून टाकले. आजाराचे नाव, शस्त्रक्रिया, सगळे. भाऊ बराच वेळ पट्ट्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “भाईजान, माझ्यापासून लपवलंत?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

कारण डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच भेटीत विचारले होते, “वडील, भाऊ, कुणाला हा त्रास?” वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा कर्करोग असेल तर धोका साधारण दुपटीने वाढतो. अशा पुरुषांनी पन्नाशीची वाट न पाहता पंचेचाळिशीच्या आसपासच डॉक्टरांशी पीएसएविषयी बोलावे, असे सांगतात. हे ऐकूनही आम्ही भावाला हर्निया सांगितला. आणि वडिलांचे आम्हाला कुठे माहीत होते? अब्बा शेवटच्या वर्षी रात्री पुन्हा पुन्हा लोटा घेऊन अंगणात जात. पुढे त्यांची कंबर इतकी दुखू लागली की कूस बदलता येईना. आम्ही तेल चोळत राहिलो. हा कर्करोग पसरला की आधी हाडांत जातो, कंबर आणि पाठ दुखते, हे आम्ही आत्ता वाचले. अब्बांना तेच होते की नाही, हे आता कुणी सांगू शकणार नाही. त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

लपवणे आपल्याकडेच आहे असे समजू नये. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांच्यावर डिसेंबर २०२३ मध्ये हीच शस्त्रक्रिया झाली. १ जानेवारी २०२४ ला मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे त्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि ते रुग्णालयात आहेत हे त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनाही काही दिवस ठाऊक नव्हते. पुढे त्यांनी सर्वांसमोर माफी मागितली. जगातली सर्वांत बलाढ्य फौज सांभाळणारा माणूसही या एका शब्दाला अडखळला.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, तेव्हा गावातल्या, पुष्कळशा निरक्षर बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. बाळंतपणाचे, बायकांच्या दुखण्याचे जे विषय दबक्या आवाजातही निघत नसत, ते त्यांनी घरोघरी नेले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या घरीही शेवटी दोन जावांनीच विषय काढला. पुरुष एकमेकांना पट्टे देत बसले होते.

ज्यांच्या घरी हा प्रसंग येईल त्यांच्यासाठी थोडे उपयोगाचे. खर्चाची चिंता असेल तर भरती होण्याआधीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला भेटावे. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात, पण रुग्णालय योजनेतले हवे. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवावे. घरी सोडताना नळी बहुधा आतच असते. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करावी, आधी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. ताप १०१च्या वर गेला, थंडी वाजली, पिशवीत लघवी येईनाशी झाली, रक्ताच्या गाठी दिसू लागल्या, एका पायाची पोटरी सुजली किंवा दम लागला, तर सकाळची वाट पाहू नये. सहा आठवडे वजन उचलू नये, मोटारसायकलचे डॉक्टरांना विचारावे. घरात उकिडवे बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणावी.

नळी काढल्यावर लघवीवर ताबा राहत नाही, हेही आधी सांगितलेले बरे. खोकला, शिंक, उठणे, प्रत्येक वेळी गळते. आम्ही पॅड वापरतो. लघवी मध्येच अडवताना जे स्नायू आवळले जातात, ते आवळण्याचा आणि सोडण्याचा व्यायाम नळी निघाल्यावर रोज करायचा असतो. बहुतेकांचा ताबा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो. आमचा अर्धा आला आहे. जुमाला आता मशिदीत जातो, मागच्या सफमध्ये खुर्चीवर बसतो. पतिपत्नीच्या संबंधांतही फरक पडतो. त्यावर उपचार आहेत, पण त्यासाठी दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारावे लागते. याविषयी याहून अधिक लिहायची आमची अजून हिंमत नाही. विचारायची मात्र झाली.

काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीत गाठ कडेबाहेर गेलेली दिसली नाही. पहिला पीएसए जवळजवळ शून्य आला. पुढची काही वर्षे तो तपासत राहावे लागेल. अल्हम्दुलिल्लाह.

वॉर्ड सोडताना बाबांनी आमची ओढणीची थैली पाहून विचारले, “गुरुजी, पट्ट्याचं काय करणार?” आम्ही पट्टा भावाला परत दिला, दुकानदाराने घेतला नाही.

भावाने त्या दिवसानंतरही महिनाभर चालढकल केली. शेवटी त्याच्या बायकोनेच नेले. त्याचा पीएसए वाढलेला आहे. गेल्या आठवड्यात तुकडे काढून तपासायला दिले. हा मजकूर संपादकांकडे पाठवताना अहवाल आलेला नाही. त्याच्यासाठी दुआ करा. या वेळी जे काही असेल ते पुढच्या अंकात आम्ही खरे सांगू. भावाची परवानगी घेतली आहे.